गांडीव परत करताना



गेला आठवडाभर आपण मौसलपर्व वाचतोय. महाभारताच्या अठरा पर्वांपैकी हे सोळावं. छोटंसंच आहे, पण वाचून संपलं की बराच वेळ दुसरं काही सुचत नाही. आजचं चिंतन नेहमीपेक्षा लांब आणि जरा घरगुती होणार आहे, आधीच सांगून ठेवतो. कारण ज्या प्रसंगापाशी मी अडकलो, तोच प्रसंग वेगळ्या रूपात सध्या आमच्या घरात चालू आहे.

प्रसंग असा. प्रभासक्षेत्री यादव आपापसात लढून संपले. श्रीकृष्णांनी देह ठेवला. अर्जुन द्वारकेला आला आणि मागे राहिलेल्या बायका, मुलं, म्हातारी माणसं यांना घेऊन इंद्रप्रस्थाकडे निघाला. मागे द्वारका समुद्रात बुडाली. आपल्या भाषेत सांगायचं तर अर्जुन एक फार मोठं शिफ्टिंग करतोय. जुनं घर गेलंय, नवीन जागा गाठायचीय आणि सोबत गांडीव आहे. वाटेत पंचनद प्रदेशात मुक्काम पडला, आणि तिथे लुटारू काठ्या घेऊन चालून आले. अर्जुनाने आधी त्यांना हसून दटावलं. पण गांडीवाला दोरी चढवतानाच त्याची दमछाक झाली. अस्त्रं आठवेनात. कधीही न संपणारे भाते रिकामे झाले. शेवटी तो धनुष्याच्या टोकाने लुटारूंना मारत राहिला, आणि ते त्याच्या डोळ्यांदेखत बायकांना पळवून घेऊन गेले.

ज्या शस्त्राने कुरुक्षेत्र गाजवलं, ते काठीवाल्या चोरांपुढे चाललं नाही. हे वाचून मी पोथी मिटली आणि लॅपटॉप उघडला. लॅपटॉपवर एक एक्सेल शीट उघडी होती. तिचं नाव : ‘कुठे राहायचं’.

आमची शीट

मी पुण्यात वाकडला राहतो. नोकरी सॉफ्टवेअरची. कंपनीने आता घरूनच काम करायची मुभा दिली आहे, महिन्यातून एखादी फेरी ऑफिसला. बाराव्या मजल्यावरच्या घराचं भाडं, मुलीची शाळा, गाडीचा हप्ता यांत पगाराचा मोठा भाग जातो. मूळचे आम्ही जालना जिल्ह्यातले, घनसावंगी तालुक्यातले. समर्थ रामदास स्वामींचं जन्मगाव जांब याच तालुक्यात आहे, आमच्या गावापासून फार लांब नाही. आई आणि अण्णा तिकडेच असतात, गावाबाहेर शेतवस्तीवर. अण्णांनी सत्तरी ओलांडली. तेव्हा बायकोने आणि मी ठरवलं की आता मराठवाड्यात परत जायचं. फक्त नेमकं कुठे, ते ठरेना.

इंजिनिअर माणूस दुसरं काय करणार? शीट केली. ओळी चार : वाकड, छत्रपती संभाजीनगर, जालना शहर, आणि गावची शेतवस्ती. रकाने : घराचा खर्च, इंटरनेट, शाळा, दवाखाना, पाणी, पुण्या-मुंबईला यायची सोय.

जालना शहराला बरे मार्क मिळत होते. ‘जालना सोने का पालना’ ही म्हण आपण लहानपणापासून ऐकत आलोय. स्टीलचे कारखाने, बियाण्यांच्या कंपन्या, मोसंबीचा बाजार हे तर आहेच. शिवाय समृद्धी महामार्ग जवळून गेला आणि ३० डिसेंबर २०२३ ला जालना-मुंबई वंदे भारत सुरू झाली. पाण्याच्या रकान्यात मात्र लाल रंग भरावा लागला. जालनेकरांना कारण सांगायला नको. पण पैशाच्या हिशेबात सगळ्यांत पुढे होती ती आमची शेतवस्ती. जमीन घरची, भाडं शून्य, दोन खोल्या वाढवल्या की झालं.

मग एका रात्री अण्णांचा फोन आला आणि मला शेवटी एक रकाना वाढवावा लागला. त्याचं नाव होतं ‘बंदूक’.

बाराबोर

अण्णांकडे परवान्याची बंदूक आहे. बाराबोर, एकनळी. आजोबांची होती, पुढे अण्णांच्या नावावर झाली, त्यालाही पंचवीस वर्षांहून जास्त काळ लोटला. परवाना शेतीच्या आणि स्वतःच्या संरक्षणासाठी. आमच्याकडे रोही, रानडुकरं, हरणं पिकांत शिरतात. वन्यजीव कायद्यामुळे त्यांना परवानगीशिवाय मारता येत नाही, आणि मारावं असं अण्णांच्या मनातही कधी आलं नाही. एक बार हवेत काढला की कळप पांगतो, एवढाच तिचा उपयोग. तोही वर्षातून एखाद्या वेळी. एरवी ती तेल लावून कुलपात असते.

फोनवर अण्णा म्हणाले, “तू वस्तीवर राहायला येणार असलास तर बंदूक तुझ्या नावावर करून घे. बंदूक नाही तर वस्तीवर लेकराबाळांना घेऊन राहू नको. आणि गावात राहायचं तर मग स्वस्त कसलं?”

त्यांनी तहसीलमध्ये चौकशीही केली होती. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे परवानाधारक सत्तर वर्षांचा झाला किंवा शस्त्र त्याच्याकडे पंचवीस वर्षं असलं, तर तो हयातीतच आपल्या वारसाचं नाव सुचवू शकतो. अण्णा दोन्ही अटींत बसतात. वारसाने वेगळा अर्ज करायचा, पोलिसांची पडताळणी, वैद्यकीय दाखला, शस्त्र हाताळायचं प्रशिक्षण, आणि मग निर्णय परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याचा. जालन्यात हा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांकडे आहे. मी वाकडलाच राहिलो असतो तर तोच अर्ज पोलीस आयुक्तालयात गेला असता. पत्ता बदलला की नवीन ठिकाणी कळवून नोंद करून घ्यायची. म्हणजे राहायची जागा आणि बंदूक हे दोन प्रश्न कागदावरसुद्धा एकमेकांना बांधलेलेच आहेत.

बायकोचं म्हणणं एका वाक्याचं होतं. “जिथे बंदूक ठेवावी लागते तिथे मी पोरीला घेऊन येणार नाही.”

त्याच आठवड्यात कॉलेजच्या एका मित्राशी बोलणं झालं. तो बरीच वर्षं अमेरिकेत न्यू जर्सीत आहे, आता तिथला नागरिकही झालाय. त्याच्याकडे पिस्तूल आहे. गंमत म्हणजे त्याचीही अशीच शीट चालू होती. न्यू जर्सीत घरपट्टी फार, शस्त्राचे कायदेही कडक. डेलावेअर नदी ओलांडून पेन्सिल्व्हेनियात गेलं की घरं स्वस्त आणि शस्त्राचे नियम बरेच सैल. तो तिथल्या एकेका काउंटीची तुलना करत होता. काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा म्हणा. त्याच्याकडूनच कळलं की तिकडे बरेच लोक घर घेताना हा रकाना ठेवतात. व्हर्जिनिया राज्यात २०१९ च्या शेवटी तर बहुतेक काउंट्यांनी ठराव केले की आम्ही शस्त्रधारकांच्या बाजूने उभे राहू.

आम्ही दोघं बराच वेळ बोललो. तिथे १७९१ च्या घटनादुरुस्तीपासून शस्त्र हा हक्क आहे. आपल्याकडे १९५९ च्या कायद्याने ती परवानगी आहे, मुदतीची आणि अटींची. तो म्हणाला, “तुमच्याकडे सरकार माणसावर विश्वासच ठेवत नाही.” मी म्हटलं, असेल. पण फोन ठेवल्यावर जाणवलं की दोन देश, दोन कायदे, तरी आमच्या दोघांच्या शीट सारख्याच आहेत. दोघंही घर शोधताना आधी शस्त्राची सोय बघतोय आणि मग त्याभोवती माणसांची.

स्वस्त का आहे?

शेतवस्तीचा आकडा मी पुन्हा पाहिला. ती स्वस्त का आहे? कारण ती एकटी आहे. सगळ्यांत जवळचं घर हाक मारली तर जेमतेम ऐकू जाईल एवढ्या अंतरावर. एकटी आहे म्हणून भीती आहे आणि भीती आहे म्हणून बंदूक हवी. म्हणजे घरभाड्यात जे पैसे वाचणार होते, ते मी दुसऱ्याच खात्यातून भरणार होतो. रोज रात्री कुत्रं भुंकलं की उठणं, किल्ली कुठे आहे ते आठवणं, मुलगी खोलीत एकटी असली की पोटात गोळा येणं, हा खर्च मी कुठल्याच रकान्यात लिहिला नव्हता.

मी हे अण्णांना बोललो तेव्हा ते चिडले. त्यांचा मुद्दा साधा होता आणि खरा होता. ऑगस्ट २०२२ मध्ये जांबला समर्थांच्या राममंदिरातून मूर्ती चोरीला गेल्या होत्या. आमच्या सगळ्या पट्ट्यात तेव्हा चुलीसुद्धा पेटवू नयेत असं वाटत होतं. अण्णा म्हणाले, “समर्थांच्या देवघरातून राम जातो, तिथं तुझी-माझी काय कथा?” यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. पुढे काही महिन्यांत पोलिसांनी तपास करून मूर्ती शोधल्या हे खरं, पण ते दिवस कुणी विसरलेलं नाही. भीतीला काहीच कारण नाही असं शहरात बाराव्या मजल्यावर बसून मी म्हणणं हा ढोंगीपणा होईल.

त्याच बोलण्यात अण्णांनी मला एक गोष्ट सांगितली. सहा वर्षं मनात ठेवलेली.

एका रात्री विहिरीवर मोटारीच्या केबलला कुणीतरी हात घातला. केबलचोरी आमच्याकडे नेहमीची, त्यात तांबं असतं. अण्णा बॅटरी आणि बंदूक घेऊन गेले. बॅटरीच्या उजेडात एक पोरगा दिसला, सतरा-अठरा वर्षांचा. पलीकडच्या वस्तीवरचाच. अण्णांनी बार काढला नाही, नुसती बंदूक वर केली. पोरगा खाली बसला, हात जोडले, बोलताच येईना त्याला. अण्णांनी त्याला घरी जायला सांगितलं. पोलिसात गेले नाहीत, गावात कुणाला सांगितलं नाही. आपल्या मते त्यांनी त्याला माफच केलं होतं.

पण दुसऱ्या दिवसापासून त्याची आई आमच्या बांधावरून जायची बंद झाली. कापूस वेचायला यायची तीही यायची थांबली. अण्णा मला म्हणाले, “केबल वाचली रे. पण त्या पोरानं मला आबा म्हणायचं सोडलं.”

गीतेच्या बाराव्या अध्यायात भगवंत आपल्याला आवडणाऱ्या भक्ताची लक्षणं सांगतात. त्यात एक असं आहे की ज्याच्यामुळे लोक अस्वस्थ होत नाहीत आणि जो लोकांमुळे अस्वस्थ होत नाही, तो मला प्रिय. आपण यातला दुसरा अर्धा भागच फार पाठ करतो. मला कुणाची भीती वाटू नये. पहिला अर्धा भाग आधी आलाय, हे त्या दिवशी मला पहिल्यांदा नीट दिसलं. सोळाव्या अध्यायात दैवी संपत्तीची यादी आहे, तिची सुरुवातच ‘अभय’ या शब्दाने होते. ज्ञानेश्वर माउली तो शब्द समजावताना म्हणतात त्याचा भाव असा : जो पुरात उडीच घालत नाही त्याला बुडायची धास्ती नसते, जो पथ्याने राहतो त्याला रोगाची काळजी नसते. म्हणजे भीती जावी असं वाटत असेल तर आधी जगण्याची रीत बघा. मी मात्र पुराच्या काठावर घर बांधून होडीचा परवाना मागत होतो.

मग शस्त्र वाईटच का?

इथे थांबून एक आक्षेप घ्यायलाच हवा, नाहीतर तुमच्यापैकी कुणीतरी घेईलच. गीता सांगितली ती शस्त्र खाली ठेवणाऱ्याला. भगवंतांनी अर्जुनाला गांडीव उचलायला लावलं. समर्थांचा राम कोदंडधारी आहे. मग बंदुकीला नाक मुरडणं हे भक्ताचं लक्षण कसं?

नाहीच आहे. आपल्याच मातीतली गोष्ट आठवा. एकनाथ महाराजांचे गुरू जनार्दनस्वामी देवगिरीचे किल्लेदार होते. म्हणजे संत आणि शस्त्रधारी, दोन्ही एकत्र. परंपरेत कथा अशी आहे की एकदा स्वामी समाधीत असताना किल्ल्यावर हल्ला झाला. नाथांनी गुरूंची समाधी मोडली नाही. त्यांचा पोशाख चढवला, त्यांचं शस्त्र घेतलं, घोड्यावर बसून शत्रूला परतवलं. मग शस्त्र होतं तिथे परत ठेवलं आणि आपल्या कामाला बसले. कुणाला काही बोलले नाहीत.

मला या कथेत हल्ला परतवण्याइतकंच ते परत ठेवणं महत्त्वाचं वाटतं. काम आलं तेव्हा उचललं, काम झालं तेव्हा ठेवलं. शस्त्र नाथांचं नव्हतं, त्यांना ते आपलं करायचंही नव्हतं.

आणि आता गांडीवाकडे परत या. गांडीव तरी अर्जुनाचं होतं का? आदिपर्व आठवा. खांडववनाच्या वेळी अग्नीने वरुणाकडून ते मागून आणलं आणि अर्जुनाला दिलं. कामासाठी दिलेली वस्तू. मौसलपर्वात त्या लुटीनंतर हरलेला अर्जुन व्यासांकडे जातो, तेव्हा व्यास त्याला धीर देताना सांगतात ते थोडक्यात असं की तुझ्या अस्त्रांचं काम झालंय, आता निघायची वेळ आली.

अर्जुनाने ऐकलं, पण पूर्ण नाही. पुढच्या महाप्रस्थानिक पर्वात पाचही पांडव आणि द्रौपदी सगळं सोडून वल्कलं नेसून निघतात. राज्य सोडलं, दागिने सोडले. अर्जुनाने गांडीव मात्र सोडलं नाही. ग्रंथ स्पष्ट सांगतो की त्या रत्नाच्या लोभाने सोडलं नाही. तिथे भीती हा शब्द नाही, कर्तव्य हा शब्द नाही, लोभ हा शब्द आहे. शेवटी अग्नी स्वतः वाट अडवून उभा राहतो आणि म्हणतो, वरुणाचं धनुष्य वरुणाला परत कर. भाऊही सांगतात. तेव्हा कुठे अर्जुन गांडीव आणि दोन्ही भाते पाण्यात सोडतो.

मला वाटतं आपल्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे. शस्त्र चांगलं की वाईट, यापेक्षा हे कुठल्या कामासाठी दिलं होतं आणि ते काम अजून माझ्याकडे आहे का, हे विचारायचं. काम असेल तर उचलण्यात पाप नाही. काम नसताना जवळ ठेवलं तर ते धरून ठेवायला काहीतरी दुसरं कारण लागतं. भीती, मोठेपणा किंवा सवय. आपल्या कायद्यातला परवाना एका अर्थी हेच विचारतो. कशासाठी हवं? अजून हवं आहे का? २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवान्याची मुदत तीनऐवजी पाच वर्षं झाली, आणि एका माणसाकडे तीनऐवजी दोनच शस्त्रं ठेवायची मर्यादा आली. दर पाच वर्षांनी कुणीतरी वाट अडवून विचारणार, हे मला तरी वाईट वाटत नाही.

मोठेपणाचं काय होतं ते आपण शेजारच्या बीड जिल्ह्यात पाहिलं. डिसेंबर २०२४ मधल्या सरपंचाच्या हत्येनंतर तिथल्या शस्त्र परवान्यांचा विषय राज्यभर गाजला. कमरेला पिस्तूल लावून फिरणारे, हवेत बार काढून व्हिडिओ टाकणारे लोक आपण मोबाइलवर पाहिले, आणि नंतर प्रशासनाने बरेच परवाने रद्द केले. अण्णा त्यातले नाहीत. त्यांनी बंदूक कधी लग्नात नेली नाही, कधी कुणाला दाखवली नाही. तिचं काम होतं तोवर त्यांनी ती कुलपात ठेवून सांभाळली. त्यांच्या हातात ती शोभते. माझं काम कीबोर्डवरचं. माझं शेत दुसऱ्याने वाहिलेलं. मी ती घेतली असती तर कशासाठी? स्वस्त घरासाठी. हे कारण अर्जात लिहायचं म्हटलं तर पेन चालणार नाही.

दीड-दोन महिने

आणखी एक निरीक्षण, आणि ते अण्णांचंच. निवडणुकीची आचारसंहिता लागली की आमच्याकडे बंदूक पोलीस ठाण्यात जमा होते. २०२४ मध्ये लोकसभेला आणि विधानसभेला, दोन्ही वेळा ती गेली. मी विचारलं, “अण्णा, ते दिवस कसे काढले?”

ते म्हणाले, “कसे काय? संध्याकाळी पलीकडच्या वस्तीवर जाऊन बसायचो. ते इकडं यायचे. रात्री पाणी द्यायला जायचं तर दोघं-तिघं मिळून जायचो.”

खोटं सांगणार नाही, त्या काळात एकदा आमची केबल चोरीला गेली. हजारोंचं नुकसान झालं. बंदूक असती तर कदाचित वाचलीही असती. पण आई म्हणते की त्या दिवसांत घरात चहाचं पातेलं मोठं लागायचं. या दोन गोष्टी एका तराजूत कशा घालायच्या, मला सांगता येत नाही. मी दोन्ही लिहून ठेवतोय.

काय ठरवलं

वारस म्हणून माझं नाव लावू नका, असं मी अण्णांना सांगितलं. सोपं नव्हतं. आजोबांची वस्तू, घराण्याची खूण, आणि एकुलता एक मुलगा नको म्हणतोय. ते दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाले, “आता नूतनीकरण झालंय. मुदत आहे तोवर माझ्याकडं राहू दे. नंतरचं नंतर बघू.” मी हो म्हटलं. त्यांची बंदूक त्यांनी कधी ठेवायची, हे मी ठरवणार नाही. अग्नीची भूमिका घ्यायची माझी लायकी नाही, आणि अर्जुनालाही ते समजायला एक पूर्ण पर्व लागलं. रीतसर जमा करायची की परवानाधारक विक्रेत्याला द्यायची, ते त्यांचं ते ठरवतील. बंदुकीचा माझा प्रश्न तिथे संपला, आणि घराचा पुन्हा सुरू झाला.

शीटमधला तो शेवटचा रकाना मी पुसला आणि त्याजागी दुसरा लिहिला : ‘रात्री हाक मारली तर कोण येईल?’

गंमत बघा, सगळे आकडे फिरले. शेतवस्ती खाली गेली. पण वाकडही खाली गेलं. बाराव्या मजल्यावर समोरच्या दाराआड कोण राहतं, ते मला चार वर्षांत नीट माहीत नाही. तिथे बंदूक नाही, भीती नाही, आणि हाकेला ओ देणारंही कुणी नाही. वर आलं ते एक नाव जे शीटमध्ये नव्हतंच. गावठाणातलं आमचं जुनं, पडकं घर. मारुतीच्या देवळामागचं, दोन्ही बाजूंना भिंतीला भिंत लागून शेजारी. दुरुस्तीला शेतवस्तीपेक्षा जास्त खर्च येणार. इंटरनेटसाठी खटपट करावी लागणार. शाळेसाठी मुलीला रोज प्रवास. बायको अजून पूर्ण तयार नाही. ती म्हणते आधी एक वर्ष जालना शहरात राहून बघू, आणि तिचंही बरोबर आहे. आई मात्र गावठाणाचं नाव काढताच हसली.

अण्णांना मी विचारलं, “तुम्ही याल का गावात राहायला?” ते म्हणाले, “बघू.” आमच्याकडे ‘बघू’चा अर्थ नाही असाही होतो आणि हो असाही. पण दुसऱ्या दिवशी आईने सांगितलं की ते संध्याकाळी पलीकडच्या वस्तीवर गेले होते. त्या पोराच्या घरी. काय बोलले ते तिलाही माहीत नाही.

आजचा अभ्यास

तुमच्यापैकी बहुतेकांच्या घरात बंदूक नसेल. गांडीव मात्र असतं. कुणाची तिखट जीभ, कुणाचं ऑफिसातलं पद, कुणी भांडणात वापरायला जपून ठेवलेले स्क्रीनशॉट. कधीतरी त्याचं खरंच काम होतं, आपल्याला कुणापासून तरी वाचवायचं होतं. आज दिवसभरात एकदा शांत बसून स्वतःला विचारूया : हे ज्या कामासाठी माझ्याकडे आलं होतं, ते काम संपलं आहे का? संपलं असेल, तर ते न ठेवण्यासाठी मी कुठल्या अग्नीची वाट बघतोय?

उद्यापासून महाप्रस्थानिक पर्व. पहिलाच अध्याय घेऊ, त्यातच गांडीव परत जातं.

राम कृष्ण हरी.